पाण्याच्या वर वीतभर

"ओ बाई! कोयता खाली! आधी कोयता खाली ठेवा!"

मी वळून बघितलं. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला एक उंच माणूस, हातात काचेची बाटली, नाकावर घसरलेला चष्मा... आणि नजर अशी, की जणू मी त्याच्या लेकराच्या मानेवरच कोयता धरलाय. मला राग आला. ओरडल्याचा नाही हं. 'बाई' म्हटल्याचा. तेवीस वर्षांच्या मुलीला बाई म्हणायचं म्हणजे काय!

"बाई कुणाला म्हणता?"

"मग... काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. म्हशीला चारा न्यायला आलेय. वढ्याचं गवत सगळ्या गावाचं हाय."

"हे गवत नाही, पाणकणीस आहे. आणि ते गावाचं नाही." त्यानं बाटली छातीशी घट्ट धरली. "ते माझं आहे."

"तुमी लावलं व्हय?"

"एकेक कंद. चारशे बारा."

तो आकडा त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितला, की मला हसू आवरेना. मी हसले तसा तोही हसला — आधी डोळ्यांनी, मग ओठांनी — आणि मग काहीतरी चुकल्यासारखा बाटलीचं बूच घट्ट करायला लागला. आषाढाचे दिवस होते. सकाळची भुरभुर नुकतीच थांबली होती. पुरुषभर उंच हिरव्या पात्यांवरून थेंब ओघळत होते आणि प्रत्येक थेंबाबरोबर पातं जरासं हलत होतं. मी कोयता कमरेला खोचला. म्हशीला त्या दिवशी बांधावरच्या साध्या गवतावर भागवावं लागलं.

त्याचं नाव सत्यम. मूळचा चकलांब्याचा, पण छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात संशोधन करणारा. आमचं गाव युसूफ वडगावच्या अलीकडं, आणि गावाच्या कडेला, ओढ्याकाठी, एक दवाखाना आहे. दवाखान्याचं सांडपाणी आधी सरळ ओढ्यात जायचं. आता ते सत्यमनं बांधलेल्या दोन लांबट हौदांत निम्मं-निम्मं शिरायचं, पाणकणसातून हळूहळू सरकायचं आणि मग ओढ्याला मिळायचं. हौदांच्या काठानं त्यानं कर्दळ आणि वेखंड लावलं होतं. संध्याकाळी कर्दळीची लाल फुलं पाण्यात दिसायची, चतुर उडायचे, आणि दवाखान्याचं सांडपाणी आहे हे अगदी विसरायला व्हायचं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. म्हशीच्या निमित्तानं.

"ही झाडं करतात तरी काय?" मी विचारलं.

"पाण्यातलं औषध काढतात. म्हणजे मुळांवरचे जीवजंतू ते खाऊन टाकतात, थोडं झाड ओढून घेतं."

"दवाखान्यावाले औषध सांडतात?"

"सांडत नाहीत. माणूस गोळी घेतो... ती थोडी अंगाला लागते... आणि उरलेली..." त्याचे कान लाल व्हायला लागले.

"उरलेली काय?"

"उरलेली... बाहेर येते."

"कुठून?" मी अगदी भोळा चेहरा करून विचारलं.

"शरीरातून."

"शरीरातून म्हंजी घाम येतो तशी का?"

"वर्षाराणी!" त्यानं चष्मा काढून पुसला. तसा तो स्वच्छच होता. "तुम्हाला सगळं कळतंय."

"कळतंय की. तुमाला सांगता येतंय का, ते बघत होते."

त्याला माझं नाव कुणाकडून कळलं, हे मी विचारलं नाही. पण घरी जाताना वाटेवर चार वेळा मनातल्या मनात ते त्याच्या आवाजात म्हणून बघितलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग मी रोज जायला लागले. म्हैस माजली नसती तर नवल. बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या, वहीत तारीख आणि वेळ लिहायची — माझं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं आहे, बी.ए. काही उगीच झाले नाही. तो सांगत राहायचा आणि मी ऐकत राहायचे. अंगदुखीची गोळी पाण्यातून लवकर निघते. तापाची त्याहून लवकर. पण फिट्सची एक गोळी आहे, ती काही केल्या हलत नाही, मुळांना दाद देत नाही.

"लई हट्टी हाय," मी म्हणाले. "तुमच्यासारखी."

"मी हट्टी?"

"मग? दोन महिने झाले, अजून मला अहो-जाहो करताय."

वेखंडाचं एक पान तोडून त्यानं बोटांत चुरगाळलं आणि माझ्यापुढं धरलं. उग्र आणि गोड, असा दोन्ही वास एकदम आला. त्या रात्री भाकरी थापतानाही माझ्या बोटांना तो येत होता, आणि मी हात धुवायचं टाळत होते.

एकदा त्यानं विचारलं, "तुमच्या घरी अंगदुखीच्या गोळ्या कोण घेतं?"

"आई. रोज दोन. उसाच्या दिवसांत तीन. गुडघे गेलेत तिचे."

तो पाण्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "या पाण्यात ती गोळी सगळ्यात जास्त सापडते. मी आकडे लिहितो आणि आज पहिल्यांदा वाटलं... हे कुणाचे तरी गुडघे आहेत."

त्या वाक्यावर माझा जीव जडला. त्याच्यावर त्याआधीच जडला होता.

आता आमच्या घरचं सांगते. आमच्याकडं ऊसतोडीला माणूस एकटं जात नाही. जोडी लागते. एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या; त्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. वडील गेल्यापासून आई आणि मी मिळून एक कोयता. दसरा झाला, की आसाराम मुकादमाचा ट्रॅक्टर दारात उभा. मी गेले नाही, तर आईलाही जाता येणार नाही — आणि तेच तर मला हवं होतं. तिचे गुडघे आणखी एक हंगाम निघतील असं मला वाटत नव्हतं. पण मग घर चालायचं कशावर?

उत्तर त्या दोन हौदांत होतं. आमच्या सरपंच सत्यशीलाताईंनी सत्यमला स्पष्ट सांगितलं होतं, "दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आकडे दाखवा. पाणी सुधारलं तर हौद राहतील, आणि वर्षभर बघणारं माणूस पंचायत पगारावर ठेवील. न्हाई सुधारलं तर बुजवून टाकू. तसंबी डासांची बोंब हायच." आणि सत्यमनं त्या माणसाच्या जागी माझं नाव सुचवलं होतं. हौद जगले, तर मी गावात राहणार होते. आई राहणार होती. आणि महिन्यातून एकदा नमुने न्यायला तो येणार होता... हे शेवटचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

भाद्रपदात तो आठ दिवसांसाठी प्रयोगशाळेत गेला. जाताना म्हणाला, "पहिल्या हौदातलं पाणकणीस फार वाढलंय. जुनी पाती पाण्यात पडून कुजायच्या आधी छाटायला हवीत. आल्यावर आपण छाटू. पाण्याच्या वर वीतभर ठेवून."

"कापायचं मला शिकवताय?"

"तुम्हाला कोण शिकवणार?" तो हसला आणि मोटारसायकलला किक मारली. वळणावर जाईपर्यंत तीन वेळा मागं बघितलं. मी मोजलं. मलाही त्याची सवय लागली होती.

तो नसलेले दिवस लांबलचक होते. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, की तो यायच्या आत सगळा हौद छाटून ठेवावा. त्यानं बघावं आणि तोंडात बोट घालावं. मी साडी खोचली, कोयत्याला धार लावली आणि पाण्यात उतरले. आणि कापलं — अगदी बुडातून, जमिनीसरसं, पाण्याखाली हात घालून. वीतभर ठेवून कापायचं, हे मला शहरी माणसाचं बोलणं वाटलं. उसाचा गोडवा बुडख्यात असतो. चार बोटं खुंट राहिला तरी मुकादम आईबापाचा उद्धार करतो, आणि पुढच्या वर्षीचा खोडवाही नीट फुटत नाही. मला सातव्या वर्षापासून हेच माहीत. संध्याकाळपर्यंत हौद असा चोपडा झाला, की मीच काठावर बसून कौतुकानं बघत राहिले. पाण्यात ढग दिसत होते. म्हशीसाठी पात्यांचे भारे घेऊन मी गुणगुणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि पाणी आणखी चार बोटं चढलं.

सत्यम आला तेव्हा हौदाला वास सुटला होता. नवा फुटवा एकही नव्हता, आणि टोकं कुजून कापल्याची खूणही उरली नव्हती. कंद हातात धरला, की पिकल्या केळ्यासारखा दबत होता. तो पाण्यात उभा राहून एकेक कंद उपसत होता, नाकाशी नेत होता, ठेवत होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"दवाखान्यातून फिनाईल जास्त आलं असेल का?" तो स्वतःशीच बोलत होता. "पण मग दुसरा हौद कसा जगला? पाती कुठं गेली? जनावरांनी खाल्ली?"

मी म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण सांगितलं तर हा निघून जाईल... मला तेवढंच दिसत होतं. मी म्हणाले, "खाल्ली असतील."

असे आठ दिवस काढले. आठ दिवस तो वहीत कारणं लिहायचा आणि खोडायचा, आणि मी त्याच्या शेजारी बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायचे. डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. आईनं विचारलं, "वर्षे, जेवत कावून न्हाईस?" तिला तरी काय सांगणार? नवव्या दिवशी त्यानं वहीत लिहिलं, 'या भागात पाणकणीस टिकत नाही', आणि मला वाचायला दिलं. ते वाक्य खोटं होतं, आणि ते माझं होतं.

"जनावरांनी न्हाई खाल्लं," मी म्हणाले. "मी कापलं. बुडातून."

त्यानं माझ्या हातातली वही घेऊन मिटली.

"मी वीतभर ठेवायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग कावून कापलं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून आपल्याकडचा शब्द ऐकला, आणि तोही असा.

"ऊस तसाच कापतात. हात तसाच वळतो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि तुमाला खूश करायचं होतं. तुमी यावं आणि म्हणावं, वर्षाराणी, तुजा हात लागला की काम कसं लख्ख होतं... बस्स, एवढंच. मग भ्याले. तुमी जाल म्हणून भ्याले."

त्याला राग आला. खराखुरा. "पाणकणसाची पाती म्हणजे नळ्या आहेत. खाली चिखलात हवा नसते, कंद त्या नळ्यांतून श्वास घेतो. तुम्ही सगळ्या नळ्या पाण्याखाली नेऊन बुजवल्या. आणि मी आठ दिवस स्वतःला खात होतो!" तो थांबला. चष्मा काढला, पुन्हा घातला. "आज तुम्ही घरी जा."

मी गेले. कशी गेले ते विचारू नका.

रात्री आईला सगळं सांगितलं. सकाळी ती म्हणाली, जाऊ नकोस, अपमान करून घेशील. मी गेले. बघते तर तो माझ्या आधीच हौदात. पहिल्या हौदाच्या तोंडाचा बोळा काढून पाणी उतरवत होता.

"काही कंद अजून कडक आहेत," माझ्याकडं न बघता म्हणाला. "पाणी खाली गेलं तर खुंटांना हवा लागेल. बाकीचे दुसऱ्या हौदातून काढून लावू. दोन माणसं लागतील."

"माणसं की मी?"

"तूच."

तूच! मी पाण्यात उतरले. दिवसभर आम्ही कंद लावत होतो — त्यानं खड्डा करायचा, मी कंद ठेवायचा, दोघांनी मिळून चिखल दाबायचा. चिखलात कुणाचं बोट कुणाचं, ते कळत नव्हतं. एकदा त्याचा हात माझ्या हातावर राहिला. कंद केव्हाच घट्ट बसला होता. दुरून पाणकोंबडीचा आवाज येत होता, ऊन-सावली पाण्यावरून सरकत होती, आणि मला वाटलं, हा खड्डा असाच राहू दे, दिवस मावळू नये.

पंधरा दिवसांत बोटभर हिरवे कोंब वर आले. पण ग्रामसभा उद्यावर आली होती, आणि बोटभर कोंब पाणी काय सुधारणार?

"मी सांगेन, पहिल्या हौदावर रोग पडला," सत्यम म्हणाला. "तुझं नाव येणार नाही. नाहीतर तुला कोण ठेवील?"

मी कोंबांवरचा चिखल पुसत राहिले.

मारुतीच्या पारासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. सत्यमनं आकडे वाचले. दुसऱ्या हौदातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अंगदुखीच्या औषधाचे दहातले आठ हिस्से निघून गेले होते. पहिल्यातून जेमतेम तीन.

"एकच पाणी, एकच झाड," सत्यशीलाताई म्हणाल्या. "मग पहिल्याला काय धाड भरली?"

"त्याच्यावर... म्हणजे... रोग..." त्याचे कान लाल झाले. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "रोग पडणारं झाड कशाला पाहिजे? बुजवा!"

दोन-चार माना हलल्या. आसाराम मुकादम माझ्या आईकडं बघून हसला. आणि मी उठले.

"रोगबिग काही न्हाई. मी कापलं. सरांनी वीतभर ठेवायला सांगितलं होतं, मी उसासारखं बुडातून कापलं. पाण्याखाली गेलं आणि गुदमरलं. झाडाची चूक न्हाई, सरांचीबी न्हाई."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी खुदकन हसलं. "अगं, मग आमीबी तसंच कापलं असतं की!" दुसरी म्हणाली, "वीतभर ठेवलं असतं तर मला रातभर झोप आली नसती." बघता बघता सगळा पार हसायला लागला. सगळेच तोडणीवाले, सगळ्यांचे हात तसेच वळणारे.

सत्यशीलाताई मात्र हसल्या नाहीत. "हसू नका. ह्या गावात कुणालाबी ठेवलं तरी पहिल्यांदा बुडातूनच कापणार. हिनं एकदा बुडवून बघितलंय, आणि चारचौघांत सांगायची छाती हाय हिची. हिच्याइतकं जपणारं दुसरं कोण मिळंल? लिहा ठरावात — हौद राहणार, आणि राखण वर्षाराणीची."

आईनं पदरानं डोळे टिपले, मग तोच पदर खोचला आणि आसाराम मुकादमापुढं जाऊन उभी राहिली. "दादा, यंदा आमचा कोयता धरू नका," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यम शेवटच्या बाटल्या पेटीत भरत होता. हौदावर ऊन पसरलं होतं. बोटभर कोंब पाण्याच्या वर उभे होते, वाऱ्यानं एकाच बाजूला कलत होते.

"पुढचा नमुना महिन्यानं," तो म्हणाला. "पाच नोव्हेंबरला येईन."

"बरं."

"काही अडलं तर फोन कर."

"बरं."

"रोज केलास तरी चालेल. म्हणजे... पाण्याची पातळी कळवायला."

"आणि पातळी रोज सारखीच असली तर?"

"तर... तेच कळव." त्यानं पेटीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "वर्षाराणी, मला तुझ्याशिवाय तिकडं... म्हणजे तिकडं काय आहे? नुसत्या बाटल्या आहेत."

मी कर्दळीचं वाळलं फूल खुडत म्हणाले, "पुढच्या खेपेला एकटे येऊ नका."

"मग? मार्गदर्शकांना घेऊन येऊ?"

"आईला घेऊन या."

एवढा शिकलेला माणूस, पण हे समजायला त्याला चांगला वेळ लागला. समजलं तेव्हा मात्र त्यानं पेटी तिथंच चिखलात ठेवली, खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यासमोरच नंबर लावला.

"आई? उद्या रिकामी आहेस का?"

"कावून रं?" आतून खणखणीत आवाज आला.

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. चष्मा नाकावर घसरला. कान लाल, ओठ कोरडे, आणि शब्द एकही नाही. मी हात पुसला आणि त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"मावशी, मी वर्षाराणी बोलतेय. तुमच्या लेकाला बोलता येईना झालंय, म्हणून मीच सांगते. त्याला मी आवडते, आणि मला तो लई आवडतो. आमी लगीन करावं म्हणतोय. तुमी उद्या माझ्या आईला भेटायला याल का?"

पलीकडं भांडं खणकन खाली ठेवलं गेलं.

"येते की," शेवटी आवाज आला, जरा हसरा, जरा ओला. "पण पोरी, खरं सांग. तो शुद्धीवर हाय ना?"

मी त्याच्याकडं बघितलं.

"न्हाई वो मावशी," मी म्हणाले. "पण हसतोय."